थांबा, पण कान तपासून

नमस्कार काका,

दीड वर्षाचं मूल बोलत नसेल तर सगळ्यात आधी कान तपासून घ्या, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि रागावून लिहिलंत. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. असल्या लेखांनी तरुण आईबाप धास्तावतात. तुमचा मोठा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नव्हता आणि आज इंजिनिअर आहे. पूर्वी घरात सात-आठ पोरं असायची, कोणत्या महिन्यात मुलाला काय यायला हवं याचे तक्ते घेऊन कोणी बसत नसे. ऐकू येतं की नाही हे मागे ताट वाजवून कुठल्याही आजीला कळतं, आणि बाकी सगळा तपासण्यांचा धंदा आहे. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत की धाकटा नातू वीस महिन्यांचा आहे, अजून एकही शब्द नाही आणि लेख वाचून सूनबाई रडायला लागल्या. माझं हे उत्तर त्यांच्यासाठीही आहे.

तक्त्यांवरचा तुमचा राग मला कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली पाच देशांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात दिल्लीतली मुलंही होती. निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ त्यात 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. त्यामुळे शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं तेराव्यात अजून सोफा धरून उभं आहे, म्हणून कोणी झोप उडवून घेऊ नये. दातांचंही तसंच.

ऐकण्याचं मात्र तसं नाही. 1984 साली कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता, कारण घरात तो फरक कधी कानावर पडलाच नव्हता. म्हणजे पहिला वाढदिवस यायच्या आत कान घरच्या भाषेला सरावतात. ज्या बाळाला नीट ऐकू येत नाही त्याचे हेच महिने रिकामे जातात, आणि बाहेरून काही कळत नाही. जन्मतः ऐकू न येणारं बाळही रडतं, हसतं, सुरुवातीच्या महिन्यांत हुंकारही देतं. फरक दिसतो तो नंतर, 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड सुरू व्हायच्या वयात. ती येत नाही किंवा फार उशिरा येते.

आता ताट. माझ्या कामात हे मी फार जवळून पाहिलंय. बाळ आईच्या मांडीवर असतं, आजी मागून येऊन ताटावर चमचा आपटते आणि बाळ वळतं. सगळे खूश. पण आजी येताना तिची सावली फरशीवर पडते, आई नकळत आजीकडे बघते आणि बाळ आईच्या नजरेचा माग घेतं. शिवाय ताटाचा आवाज मोठा. एखाद्या मुलाला ताट, दार, कुकरची शिट्टी सगळं ऐकू येतं, पण 'स', 'श', 'फ' हे बारीक, उंच पट्टीतले आवाज पोचतच नाहीत. अशा मुलाला बोलणं अर्धंमुर्धं, तुटक ऐकू येतं. ते हाकेला कधी वळतं, कधी नाही, आणि घरचे म्हणतात, 'ऐकू येतं हो, पण मनात असेल तरच!' वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी हेच होतं.

तुमच्या मुलाचं चांगलं झालं याचा आनंद आहे. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे इतरांना गाठतात. पण कोणतं मूल गाठेल हे वीस महिन्यांच्या बाळाकडे नुसतं बघून तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. आणि पूर्वीच्या त्या सात-आठ पोरांच्या घरांबद्दल बोलायचं, तर गावात एखादा 'मुका' असायचाच ना? बहुतेकदा त्याच्या जिभेत काही दोष नसायचा. त्याला ऐकू येत नसे आणि ते कोणी वेळेत ओळखलेलं नसे. त्याच्याही आईला कोणीतरी थांब म्हटलं असेल, वेखंड चाटव म्हटलं असेल. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं.

1998 साली अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी दाखवून दिलं की, ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला त्यांची भाषा नंतर ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे होती. कानाला यंत्र लावा, शस्त्रक्रियेने कानात इम्प्लांट बसवा किंवा खुणांची भाषा शिकवा, लवकर कळणं प्रत्येक वाटेवर उपयोगाचं. धंद्याचं म्हणाल तर सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, पुढच्या तपासणीसाठी अनेक जिल्ह्यांत 'डीईआयसी' म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था 1983 पासून हेच काम करते आहे.

सूनबाई, आता तुमच्याशी. तपासणीला दुखत नाही. ओएई नावाची तपासणी करताना कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला कान चांगला असेल तर त्याचा अगदी हलका प्रतिध्वनी परत येतो आणि यंत्र तो टिपतं. काही मिनिटांचं काम. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, करायची झाली तर कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात, तेव्हा बाळ झोपलेलं लागतं. त्या दिवशी त्याला लवकर उठवा आणि दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्या. जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड न्या. काचेत ठेवलं होतं का, कावीळ किती वाढली होती, नात्यात लहानपणापासून कोणाला कमी ऐकू येतं का, हे विचारतील. सर्दी असेल तर आधी सांगा. 'रेफर' असा शेरा आला तर तो निदान नाही, पुन्हा तपासायला हवं एवढाच त्याचा अर्थ. आणि कान चांगले निघाले तरी तिथे थांबू नका. तो बोट दाखवून मागतो का, हाकेला बघतो का, हातवारे न करता 'चेंडू आण' म्हटल्यावर आणतो का, हे बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवा.

काका, जमलं तर तुम्हीही सोबत जा. बाळाला झोपवायला ओळखीचा हात लागतो, आणि निकाल ऐकताना सूनबाई एकट्या नसाव्यात.