बेडखालची ब्रुअरी

‘मिस्टरांना सरप्राइज वाटतं?’

माझ्या दोन हातांत घरी बिअर करायच्या किटचे दोन डबे होते, हिवाळी एलचे, म्हणजे थंडीतल्या दणकट बिअरचे, आणि विचारणारे गृहस्थ दुकानातले कोणीही नव्हते. गिऱ्हाईकच, माझ्यासारखे. गोष्ट परवाची आहे, पण अजूनही भांडी घासताना मला त्यांना द्यायची उत्तरं सुचतात, एकाहून एक झणझणीत. तेव्हा नुसतं ‘नाही’ म्हटलं आणि वर हसले. का हसले, देव जाणे.

माझा नवरा बिअर पीत नाही. मी वर्ट, म्हणजे बिअर ज्याची होते ते माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, उकळायला ठेवलं की तो खिडक्या उघडत फिरतो.

तर मी तिथे हिशेब करत उभी होते. दोन्ही डब्यांवर बर्फाखाली दबलेलं छप्पर आणि एक लठ्ठ पक्षी. यीस्ट कुठलं, बिअर मुरवायची किती, हे मात्र एकावरही नाही. सूचना एवढीच: १.७ किलोचा डबा, १ किलो साखर, पाणी घालून २३ लिटर. या मापाने सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे साखरेने पाण्याहून आलेला जडपणा, भरते १.०४० च्या आसपास. म्हणजे बिअर होणार जेमतेम ४ टक्के अल्कोहोलची, आणि साखरेपायी पाणचट. मग हिला हिवाळी म्हणायचं ते कोणाच्या जोरावर? पक्ष्याच्या? हिवाळी एल १.०६० च्या पुढूनच सुरू व्हायला हवी. म्हणून साखरेला फाटा, माल्टचे दोन डबे आणि पाणी १६ लिटरपर्यंतच, असा माझा बेत चालला होता. यीस्टने साखर खाऊन ग्रॅव्हिटी १.०६४ वरून १.०१६ पर्यंत उतरली, तर ६ टक्क्यांच्या थोडी वर...

‘ताई, एवढा विचार नाही करायचा,’ असं म्हणत गृहस्थांनी माझ्या हातातला एक डबा काढून घेतला आणि फळीवर ठेवून दिला. माझ्या हातातला! ‘हा राहिलाय तो न्या. यात सगळं येतं. वरून मसाला टाका. मसाल्याचं तुम्हाला मी काय सांगणार?’

मी म्हटलं, ‘काका, लवंग जरा जास्त झाली, तर बिअरला दातांच्या दवाखान्याची चव येते.’ ‘काका’ मुद्दाम म्हटलं. वयाने फार तर चार-पाच वर्षांनी मोठे असतील. चेहरा किंचित पडला, पण गाडी थांबली नाही.

‘आणि पिंप गरम जागी ठेवा. माझी पाच दिवसांत तयार होते.’

‘एलचं यीस्ट १८ ते २० अंशांत नीट वागतं. त्याहून फार तापलं, तर बिअर नेलपॉलिशचा वास मारते.’

‘वास मला येत नाही,’ ते समाधानाने म्हणाले. ‘सायनस.’

यावर काय बोलणार?

‘हायड्रोमीटरने किती भरते तुमची शेवटी?’ मी तरीही विचारलं. ग्रॅव्हिटी मोजायची ती काचेची नळी. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘हायड्रोमीटर? छे! मी कानाने करतो.’ त्यांनी मान तिरकी करून, तिथे नसलेल्या पिंपाला कान लावून दाखवला. ‘बुडबुडा थांबला की भरायची. मागच्या खेपेला बाटल्या फुटल्या अहो! काच छतात रुतली. असा जोर होता!’

साखर पचायची शिल्लक असताना बाटली बंद केली, की यीस्ट आत काम करतच राहतं आणि वायूला वाट उरत नाही. हे मी सांगितलं. त्यांनी ‘तेच म्हणतोय, जोर!’ म्हणत मान डोलावली.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलाला मी यीस्टच्या पाकिटाची तारीख विचारली. विचारलं मी, आणि तो उत्तर देत होता त्यांच्याकडे बघून! बाटल्या फोडणाऱ्या, वास न येणाऱ्या माणसाकडे. इथे मात्र माझं डोकं फिरलं. हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांच्या, कडवटपणामुळे पेयं टिकतात हे बाराव्या शतकात लिहून ठेवलं ते जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठाधिपती बाईंनी. मध्ययुगीन इंग्लंडात तर एल घरोघरी बायकाच करून विकायच्या. पुढे धंद्यात पैसा दिसायला लागला, भांडी मोठी झाली, आणि बायका हळूहळू भट्टीवरून गल्ल्याच्या पलीकडे गेल्या. आता इतक्या शतकांनी मी त्याच गल्ल्यापुढे उभी, आणि पाकिटाची तारीख सायनसला सांगितली जातेय.

शिवाय ही किटं फळीवर लागतात कधी, तर ऐन थंडीत. एवढी दणकट एल बाटलीत दोन-तीन महिने मुरल्याशिवाय तोंडी लागत नाही. म्हणजे ती चढवायची शरदात. आज चढवलेली पिण्याजोगी होईल तेव्हा लोक पंख्याखाली बसलेले असतील. पण शरदात बर्फाचं चित्र कोण छापणार?

मी दोन्ही पक्षी फळीवर सोडले. गडद माल्टचे दोन साधे डबे घेतले आणि तारीख स्वतः वाचून यीस्ट. दालचिनी नाही, जायफळ नाही, लवंग तर नाहीच. काका अजून माझी पिशवी वाकून तपासत होते.

‘तुम्ही बाटल्या ठेवता कुठे?’ निघताना मी विचारलं.

‘बेडखाली,’ ते म्हणाले. ‘मिसेसच्या बाजूला.’