तरवडाची तहान

आमच्या करमाळ्याकडच्या माळावर तरवड कोणी लावत नाही, तो असतोच. मुरमात, बांधावर, सडकेच्या कडेला, जिथे कुसळेसुद्धा विचार करून उगवतात तिथे तो पिवळ्याधमक फुलांनी लगडून उभा असतो, आणि शेळ्याही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पुण्यातल्या गच्चीवर तोच लावायचे मी ठरवले ते, यात कष्ट म्हणून काही नसणार, या एकाच भरवशावर.

तरवडाला आवळ असेही म्हणतात, म्हणून रोपवाटिकेत जाऊन मी ‘आवळ’ मागितली. तिथल्या मुलाने तत्परतेने आवळ्याचे रोप आणले. “आवळा नव्हे, आवळ,” असे मी निक्षून सांगितल्यावर त्याने क्षणभर विचार केला आणि आवळ्याचेच, पण जरा लहान रोप आणले. तेलंगणात हे राज्यफूल आहे आणि बतुकम्माच्या सणात त्याच्या फुलांचे थर रचतात, हे मी त्याला सांगू लागलो, तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटी गावाहून वाळलेल्या, कागदासारख्या चपट्या शेंगा आणल्या. बियांचे कवच इतके टणक, की नुसत्या पेरल्या तर त्या आपल्या सवडीने उगवणार. म्हणून एकेक बी चिमटीत धरून पॉलिश पेपरवर हलके घासायची आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची. या उद्योगात माझ्या बोटांची साल बियांच्या आधी निघाली. तरवडाची साल कातडी कमावण्यासाठी वापरतात हे ठाऊक होते, पण त्याची सुरुवात माझ्यापासून होईल असे वाटले नव्हते. मूळ खोल जाणारे आणि उपटून हलवलेले त्याला मानवत नाही, त्यामुळे जूनमध्ये थेट मोठ्या कुंडीतच बिया पेरल्या. निम्मी माती, निम्मा मुरूम, आणि तळाला पाणी निथळण्यासाठी भरपूर भोके.

रोपे उगवली आणि खरा छळ सुरू झाला, कारण पावसाळा सरल्यावर या झाडाला फारसे काही करायचे नसते, आणि काही न करणे हे आमच्या इमारतीत कोणालाच जमत नाही. त्यातून तरवडाची पाने संध्याकाळी मिटतात. झाड बिचारे झोपी जाते. पण शेजारच्या काकांना ते मान टाकून बसलेले दिसते, आणि ते हळहळत तांब्याभर पाणी ओततात. सकाळी पाने उघडली, की आपल्या पाण्याने जीव वाचला, अशी त्यांची खात्री पटते. त्यांच्यामागून आमच्या सौभाग्यवती तांदूळ धुतलेले पाणी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून आणतात, आणि गच्चीची टाकी पाहायला येणारे वॉचमन जाता जाता उरलेली पुण्याई जोडून घेतात. पंधरा दिवसांत तीनपैकी दोन रोपांची पाने पिवळी पडली आणि बुंधे कुजले. दुष्काळी तालुक्यातले झाड पाण्यात बुडून मेले, हे आईला फोनवर कसे सांगावे, हे मला अजून सुचलेले नाही.

तिसऱ्या रोपासाठी मात्र मी शहराच्या परंपरेला शरण गेलो आणि कुंडीवर पाटी लावली: “या झाडास पाणी घालू नये. कळवळा आल्यास स्वतः पाणी प्यावे.”

पुढच्या वर्षी पावसानंतर त्याला पहिला तुरा आला. एक काळा जाडजूड भुंगा फुलाला बिलगून असा काही गुरगुरला, की परागाची पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडली. काका हे सारे माझ्या शेजारी उभे राहून पाहत होते. ते पाटीचे पालन अक्षरशः करतात: संध्याकाळी पाने मिटली, की त्यांना कळवळा येतो, मग ते खाली आमच्या दारावर टकटक करून पाणी मागतात, आणि नुसते पाणी कसे द्यायचे म्हणून सौभाग्यवती चहा टाकतात.