‘मान आणि पंख वाढले’ या दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून उत्तरही मराठीतच देते. मनिलाच्या इंत्रामुरोसमध्ये, जुन्या तटबंदीच्या आत रेस्टॉरंट चालवताना मराठीत वाद घालायची संधी मला रोज मिळत नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगते. कोंबडीच्या रश्श्यात तुम्हाला हाडकी मान आणि चिवट पंख आला, समोर बसलेल्या मेव्हण्यांना मात्र कलेजी-पेटा आणि छातीचे तुकडे. रस्सा पाणचट. ‘स्पॅनिश’ म्हणून पाटी लावता आणि पाएलाच्या, म्हणजे स्पेनच्या केशरी भाताच्या, जागी पिवळा चिकट भात देता. आईंच्या भाजीला माशाचा वास होता. वडिलांचं वय ७१, तरी ज्येष्ठांची सवलत नाकारली. आणि शेवटी, ‘जेवायला गेलो होतो, साहित्य संमेलनाला नाही.’ हे वाक्य मी घरात सगळ्यांना भाषांतर करून ऐकवलं. सासूबाई सगळ्यात जास्त हसल्या.

आता मान आणि पंख. तुम्ही मागवलेल्या पदार्थाचं मेनूतलं नाव ‘पाद्रे दामासो’. मेव्हण्यांनी मागवला तो ‘इबार्रा’. दोन्ही एकाच पातेल्यातला तिनोला, म्हणजे इथला कोंबडीचा रस्सा, पण दामासोची किंमत इबार्राच्या निम्मी आहे, आणि ती का, हे नावाखालीच छापलंय: ‘मान, पंख आणि भरपूर रस्सा’. वाढणाऱ्या मुलाने ‘नक्की दामासोच ना?’ असं विचारलं, तेव्हा तुम्ही मेनूवर बोट ठेवून ‘हेच’ म्हणालात.

ही थट्टा आमची नाही, स्पॅनिश राजवटीवर टीका करणारे फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांची आहे. त्यांच्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीच्या सुरुवातीलाच मनिलाच्या बिनोंदो भागात कापितान तियागो या श्रीमंत माणसाच्या घरी मेजवानी आहे. सात वर्षं युरोपात काढून आलेला तरुण इबार्रा तिथे आहे, गावावर वर्षानुवर्षं हुकूमत गाजवलेला पाद्रे दामासोही आहे. मानाच्या खुर्चीवरून दोन पाद्र्यांचं ‘बसा, बसा, तुम्हीच बसा’ चालतं, आणि दोघांनाही ती खुर्ची हवी असते. मग तिनोला येतो. दामासोच्या ताटलीत रश्श्यात तरंगणारी उघडी मान, चिवट पंख आणि भोपळ्याच्या फोडी. बाकीच्यांना तंगड्या आणि छाती, इबार्राला तर कलेजी-पेटा. दामासो रागाने भोपळा चेचतो, रश्श्याचा घोट घेतो, चमचा आदळतो आणि ताटली पुढे लोटतो. रिझालना त्या माणसाबद्दल जे सांगायचं होतं त्यातलं निम्मं इथेच सांगून होतं.

तुम्ही लिहिलंय की तुम्हीही ‘चमचा टाकला आणि ताटली सरकवून दिली’. आमचा वाढणारा मुलगा धावत आत आला होता, की बाहेर एक भारतीय पाहुणे अख्खा प्रसंग करून दाखवतायत! त्याला वाटलं तुम्ही कादंबरी वाचून आला आहात. त्याच्यावर ‘दात काढत होता’ असा ठपका ठेवलात, तो तेवढा मागे घ्या.

इथल्या गिऱ्हाइकाला हे समजावून सांगावं लागत नाही. रिझालचं लेखन शिकवलंच पाहिजे असा कायदा फिलिपिन्समध्ये १९५६ साली झाला, त्यामुळे ‘नोली’ न शिकता शाळेतून सुटलेला माणूस सापडणं अवघड. ऑफिसातली मंडळी येतात आणि साहेबांसाठी मुद्दाम दामासो मागवतात. कोणाच्या वाट्याला मान येणार यावर पैजा लागतात. पुस्तक १८८७ साली बर्लिनमध्ये छापलं गेलं, २,००० प्रती, तेही मॅक्सिमो व्हिओला या मित्राने छपाईला पैसे उसने दिले म्हणून. ३० डिसेंबर १८९६ला ज्या फोर्ट सांतियागोतून रिझालना गोळ्या घालायला नेलं तो आमच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लोक तो बघून आमच्याकडे येतात. भिंतीवर त्या सकाळचं चित्र लावा असं पुष्कळ जण सुचवतात. आम्ही लावत नाही. जेवणाच्या जागी जेवणाचाच प्रसंग असावा.

रस्सा पाणचट, हे मला मान्य नाही. तिनोला नितळच असतो. आलं, लसूण, कांदा परतायचा, कोंबडी घालायची आणि पातिस म्हणजे माशाचं खारं पाणी घालून मंद शिजवायचा. बाहेर कुठेही खाल्लात तर त्यात कच्ची पपई किंवा चायोटे हे दुधीसारखं फळ असेल, वरून मिरचीचा किंवा शेवग्याचा पाला. आम्ही पपईऐवजी भोपळा घालतो, कारण कादंबरीत भोपळा आहे. तुमच्या उजव्या हाताला एक छोटी वाटी होती, तिच्यात कालामान्सी हे इथलं छोटं लिंबू, पातिस आणि सिलिंग लाबुयो ही बोटाच्या पेराएवढी जहाल मिरची होती. इथे तिखट-आंबट ज्याचं त्याने कालवून घ्यायचं, आचारी ठरवत नाही. टेबल आवरताना वाटी जशीच्या तशी होती. मालवणी रश्श्याची अपेक्षा ठेवून तिनोला प्यायलात तर दोन स्टारसुद्धा जास्तच म्हणायचे.

पिवळ्या भाताचं नाव ब्रिंगे. माझं सासर पांपांगा प्रांतातलं, आणि हा तिथला सणावाराचा भात. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, कोंबडी, केळीचं पान आणि केशराच्या जागी हळद. पाएलाचंच हे इथलं भावंड, पण इथे केशर पिकत नाही, नारळ मात्र दारात. आता यात स्पॅनिश काय, असा तुमचा प्रश्न आहे. स्पेनची सत्ता इथे ३०० वर्षांहून जास्त होती, पण कारभार बराच काळ मेक्सिकोमार्फत चालायचा. १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये गलबतं जात-येत होती. टोमॅटो, मका, कोको, पपई, चायोटे ही सगळी अमेरिकेकडची मंडळी. त्यामुळे माद्रिदमध्ये मिळतं तसंच स्पॅनिश जेवण आमच्याकडे शोधाल तर मिळणार नाही. पाटीवर ‘फिलिपिनो-स्पॅनिश’ लिहिलंय, आणि त्यातला ‘फिलिपिनो’ आधी आहे.

भाजीचं म्हणाल तर पिनाकबेतमध्ये कारलं, वांगी, भेंडी, भोपळा आणि चवळीच्या शेंगा असतात, पण त्याची चव बागोओंगवर उभी असते, म्हणजे आपल्या जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचं मीठ लावून आंबवलेलं वाटण. मेनूत त्या ओळीपुढे माशाचं चित्र आहे. बागोओंग सुरुवातीलाच कढईत पडतं, मागाहून काढता येत नाही. आईंनी ताट बाजूला ठेवलं तेव्हा सासूबाईंनी वांगं भाजून त्यात कांदा, टोमॅटो आणि उसाचं व्हिनेगर घालून पाठवलं. ‘हे तर आपलं भरीतच’ म्हणत आईंनी दोनदा घेतलं. त्याचे पैसे बिलात लावलेले नाहीत. तुमच्या अभिप्रायात हे वांगं कुठे दिसलं नाही.

सवलतीचं एका दमात सांगते. २० टक्के सूट आणि १२ टक्के व्हॅटची माफी ही कायद्याने इथे राहणाऱ्या फिलिपिनो नागरिकांना आहे, ६० वर्षं पूर्ण झालेल्यांना, ओळखपत्र दाखवून. त्या ओळखपत्राचा क्रमांक आम्हाला हिशेबात लिहावा लागतो. वडिलांच्या पासपोर्टचा क्रमांक तिथे चालत नाही. काउंटरवरच्या मुलीने हेच सांगितलं होतं, आवाज न चढवता.

दामासोचे पैसे परत मागितलेत, ते मिळणार नाहीत. जे मागवलंत तेच आलं, आणि निम्म्या दरात आलं. बाकी तुमचे दोन स्टार राहू द्या, माझी हरकत नाही. आई पुन्हा येणार असतील तर आदल्या दिवशी फोन करून ‘बागोओंग नको’ एवढं सांगा, वेगळ्या कढईत भाजी करून ठेवू. सोमवारी आम्ही बंद असतो.