आलोच, जरा बघून येतो

रात्री उशिराचा भयपट बघून आल्यावर चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाताना ज्यांना उगाच मोठ्याने गाणं म्हणावंसं वाटतं, अशा समस्त पुरुषवर्गासाठी हा सल्ला. बायकांनी वाचला तरी हरकत नाही, नाहीतरी टॉर्च धरून सोबत तुम्हालाच यावं लागतं.

पहिलं म्हणजे, कुठे खुट्ट झालं की एकट्यानेच जायचं. जाताना "तुम्ही थांबा, मी आलोच बघून" हे म्हणायला विसरू नका. पडद्यावर असं म्हणून गेलेला गडी सहसा परत येत नाही, पण तेवढ्यासाठी पायंडा मोडायचा का? मुलगी रडते, पळते, कपाटात लपते आणि शेवटी जिवंत राहते. कॅरल क्लोव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८७ साली तिला 'फायनल गर्ल' असं नावही दिलं. फायनल बॉयला नाव कशाला हवं? तो बहुधा मध्यंतराआधीच फायनल झालेला असतो. बाईंचं आणखी एक म्हणणं आहे. थेटरातली तरुण पोरं त्या मुलीच्या आडून स्वतःची भीती भोगून घेतात. म्हणजे घाबरायचं आपण आणि किंचाळायला मुलगी ठेवायची. केवढी सोय!

लपायचा सल्ला देणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये उठून चालणारे मुडदे घराला वेढा घालतात, आणि हॅरी कूपर घसा फोडून सांगतो, तळघरात चला. माणूस चिडका, स्वार्थी, भित्रा. त्याचं कोण ऐकणार? नायक बेन तळमजल्यावरच दारं-खिडक्यांना फळ्या ठोकत बसतो. अखेर सगळे मेल्यावर बेन वाचतो तो कुठे? त्याच तळघरात. सकाळी वर येतो, तर मदतीला आलेली माणसं त्याला मुडदा समजून गोळी घालतात. तरीही शूर म्हणून लक्षात राहिला तो बेनच. आणि मुंबईत तळघर म्हणजे पार्किंग. जुलैत तिथे भुताआधी पाणी येतं.

चुकून घाबरट असूनही वाचलातच, तर पुढच्या भागात भरपाई करा. 'द ईव्हिल डेड'चा नायक ॲश १९८१ मध्ये बराच वेळ नुसता थिजलेला, एकदा तर फडताळाखाली अडकलेला. १९८७ च्या दुसऱ्या भागात त्याने स्वतःचा हात कापून तिथे यांत्रिक करवत बसवली, मग कुठे लोकांना पटला. ज्याला अशी करवत मिळाली नाही त्याचे हाल बघा. 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'च्या १९८५ मधल्या दुसऱ्या भागात मार्क पॅटन या नटाने रंगवलेला नायक जेसी पोरींसारखा किंचाळला म्हणून त्याची इतकी थट्टा झाली, की त्यावर २०१९ मध्ये अख्खा माहितीपट निघाला.

आपल्याकडे मात्र सोपा उपाय आहे, विनोदी व्हा. १९९३ च्या 'झपाटलेला'मधला लक्ष्या जीव तोडून सांगतो की बाहुला जिवंत आहे, आणि आपण पोट धरून हसतो. खरं तर त्याला वस्तुस्थिती ठाऊक असते! पण लक्ष्मीकांत बेर्डेंचे डोळे पांढरे झाले की आपल्याला धीर येतो, बरं झालं, घाबरलाय तो.

थेटरात बायकोचा हात घट्ट धरावासा वाटला तर आधी "घाबरलीस का गं?" असं विचारा. हे मी स्वतः बरीच वर्षं करतोय.

परवा रात्री आमच्या गॅलरीत काहीतरी धाडकन आपटलं. बायको म्हणाली, "थांबा, मी बघून येते." ती बाहेर गेल्याबरोबर मी मर्दासारखा उठलो आणि आतून कडी घातली. मग बराच वेळ दार वाजत होतं, "अहो, मी आहे" असंही ऐकू येत होतं. पण ती तीच होती कशावरून?