‘खाण कंपन्यांनीच गावं सांभाळली’ : या फॉरवर्डला उत्तर

खाणींचा एखादा खटला बोर्डावर आला किंवा निवडणूक तोंडावर आली, की गोव्याच्या खाणपट्ट्यात, डिचोलीपासून सांग्यापर्यंतच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात तो असा : ‘उन्हाळ्यात टँकर कंपनीने पाठवले. शाळा, दवाखाने, देवळाचे सभामंडप कंपनीने बांधले. सरकारला जमलं नाही ते सीएसआरने (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाने) करून दाखवलं. खाणी होत्या तेव्हा घरटी पैसा होता. शहरात बसलेल्या एनजीओवाल्यांनी खाणी बंद पाडल्या आणि गावं उपाशी मारली. सीएसआर हाच खरा शाश्वत विकास.’

यातली निम्मी वाक्यं खरी आहेत, म्हणून तर तो एवढा चालतो. एकेक घेऊ.

टँकरपासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, बाया हंडे-कळशा, प्लास्टिकचे पिंप लावून उभ्या राहतात, टँकरच्या पाठीवर कंपनीचं नाव असतं. पण चार-पाच महिने धो धो पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात टँकर लागतो कशाला, हे फॉरवर्ड विचारत नाही. खनिज काढता काढता खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी त्यात उतरतं. खंदकात काम चालू ठेवायचं तर ते पाणी रात्रंदिवस पंपाने बाहेर फेकावं लागतं. विहिरींचा तळ खंदकाच्या कितीतरी वर, मग विहिरीत राहणार काय? डोंगराच्या पोटातून येणाऱ्या झरीवर पिढ्यान् पिढ्या चाललेली कुळागरं (सुपारी-माडांच्या बागा) याच कारणाने सुकतात. बाहेर फेकलेलं पाणी गाळ घेऊन ओहोळात जातं. पावसाळ्यात डंपची (खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्याची) तांबडी माती धुपून त्यात भर घालते आणि सगळा गाळ खालच्या शेतात बसतो. तो वाळला की वर कडक पापुद्रा धरतो, त्यात नांगर चालत नाही आणि रोपही धरत नाही. एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते, हे लक्षात घेतलं की डंप एवढे उंच का, ते कळतं. याच पट्ट्यातल्या पिसुर्ले गावच्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. शिरगाव या खाणींच्या गावातल्या आटलेल्या विहिरींचा प्रश्न तर उच्च न्यायालयापर्यंत गेला.

तेव्हा ज्याच्या पंपाने विहीर आटली त्याचाच टँकर दारात आला, तर त्याला नुकसानीची अर्धीमुर्धी भरपाई म्हणतात. त्याबद्दल हात कशाला जोडायचे?

याच मुद्द्याचं एक उपफॉरवर्डही आहे : ‘खाणींच्या खंदकांमुळे गोव्याला पाणीसाठा मिळाला, ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पाला टंचाईत तेच पाणी दिलं.’ दिलं, खरं आहे. ते पाणी मुळात कुठे होतं, ते वर सांगितलंच.

आता ‘सरकारला जमलं नाही ते सीएसआरने केलं’. सीएसआर ही खाणमालकांची मर्जी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं, की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी. खाण असो की साबणाचा कारखाना, नियम सारखाच. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनंतर नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की दुसऱ्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे ते सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. रस्त्यावर पाणी मारून धूळ बसवणं, डंपच्या पायथ्याशी गाळ अडवणं, खोदलेली जमीन पुन्हा झाडाखाली आणणं, ही पर्यावरण परवान्याच्या अटींतली आणि खाण बंद करण्याच्या आराखड्यातली कामं. हा आराखडा २००३ पासून सक्तीचा आहे. कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत अशा कामांचे फोटो ‘गावासाठी आम्ही’ या मथळ्याखाली दिसले, तर पुस्तिका बारकाईने वाचा.

पैशांचं गणित मांडून बघू. हजार रुपयांचं लोहखनिज घ्या. सरकारला द्यायची रॉयल्टी पंधरा टक्के, म्हणजे दीडशे रुपये. जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या कायद्याने आलं, खाणग्रस्त गावांसाठीच. जुन्या लीजवर (खाणकामाच्या भाडेपट्ट्यावर) रॉयल्टीच्या तीस टक्के, म्हणजे ४५ रुपये त्यात जातात. लिलावाने दिलेल्या नव्या लीजवर दहा टक्केच, म्हणजे १५. (लिलावाचा प्रीमियम राज्याच्या तिजोरीत जातो, गावाच्या नव्हे.) सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोव्यापुरता कायमस्वरूपी निधी सांगितला, विक्रीच्या दहा टक्के, म्हणजे १०० रुपये. आणि सीएसआर? हजारातले तीनशे निव्वळ नफ्याचे धरले, तर सहा रुपये. या सहा रुपयांचे फलक गावभर. प्रतिष्ठानात किती जमले, कोणत्या वाड्यावर किती खर्च झाले, हे ग्रामसभेत कितीदा कुणी विचारलं? पंचाला विचारून बघा, तोही सभामंडपाच्या उद्घाटनाची तारीख सांगेल.

‘एनजीओवाल्यांनी बंद पाडल्या’ याला उत्तर लहान आहे. पोर्तुगीज काळात खाणकामासाठी दिलेल्या सवलती १९८७ च्या कायद्याने लीज झाल्या आणि त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली. त्यानंतरही खनिज काढणं सुरूच राहिलं, २०१०-११ मध्ये तर गोव्याच्या बंदरांतून निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारनेच खाणी थांबवल्या. २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की मुदतीनंतरचं उत्खनन बेकायदेशीर होतं. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादाही तेव्हाच आली. मग राज्याने घाईघाईने ८८ लीज नूतनीकरण करून दिल्या, लिलाव न करता, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याही रद्द झाल्या. कागद पुरे असते तर याचिकाकर्ते काय बंद पाडणार होते?

‘घरटी पैसा होता’ हे मात्र खरं, आणि त्याची थट्टा करू नये. खनिज वाहायला कर्जाने टिप्पर (ट्रक) घेतलेल्या माणसाला २०१२ च्या ऑक्टोबरात खाण बंद असूनही बँकेचा हप्ता भरावाच लागला. बार्जवरचा खलाशी, गॅरेजवाला, चहाची गाडी, सगळेच ‘खाण अवलंबित’ झाले, सरकारी कागदावर हा शब्दच रूढ झाला. पण ही श्रीमंती कशावर उभी होती? चीनच्या मागणीवर. २०११ च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरच्या वर गेलेला जागतिक भाव २०१५ च्या अखेरीला चाळिसाच्या आसपास आला. तेव्हा खाणींना परवानगी होती, तरी गोव्याचं कमी प्रतीचं खनिज उचलणं परवडेना. भात गेलं, कुळागर सुकलं, आणि जे एक खनिज उरलं त्याचा भाव चीनमधल्या तिआनजिनच्या बंदरात ठरतो. अशा गावाला कंपनीने शिलाई मशिनं वाटली म्हणून त्याला शाश्वत म्हणायचं, तर शब्दांना काही अर्थ राहत नाही.

चांगलं काम झालंच नाही, असं मी म्हणत नाही. साखळी शहराजवळ सेसा या खाण कंपनीने जुन्या खाणीच्या जागेवर झाडी उभी केली, तिथल्या तांत्रिक शाळेतून आणि फुटबॉल अकादमीतून मुलं पुढे गेली. जाऊन बघण्यासारखं आहे. माझा प्रश्न एवढाच, की इतक्या वर्षांनंतरही दाखवायला नेहमी साखळीच का लागते?

शेवटी ते ‘शहरात बसलेले’. केपे तालुक्यातल्या कावरेचे आदिवासी पणजीत राहत नाहीत. ट्रकांच्या रांगा अडवल्या त्यांनीच. आणि त्यांची मागणी नुसती ‘खाण नको’ एवढीच नव्हती. गावकऱ्यांनी सहकारी संस्था नोंदवली आणि सांगितलं : खाण चालवायचीच असेल तर आम्ही चालवू, किती काढायचं आणि पाणी कसं राखायचं ते आम्ही ठरवू. सीएसआर समितीत एक खुर्ची मिळावी, यापेक्षा हे फार वेगळं मागणं आहे. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर, सरकारी कंपन्या सोडल्या तर, लीज फक्त लिलावाने मिळते, जास्त बोली लावणाऱ्याला. गावच्या सोसायटीने बोली लावायची ती कशाच्या जोरावर, याचं उत्तर ना कायद्यात आहे, ना त्या फॉरवर्डमध्ये.