१२८ किलोबाइट, आणि तेही हलवता येऊ नयेत?

पहिल्या प्लेस्टेशनचे (सोनीच्या गेम खेळायच्या यंत्राचे) मेमरी कार्ड अवघे १२८ किलोबाइटचे होते. त्यात सेव्हसाठी १५ ब्लॉक मिळत, आणि ते खिशात घालून मित्राच्या घरी नेले, त्याच्या यंत्रात खोचले, की आपला खेळ थांबला होता तिथून पुढे सुरू होई. १९९४ साली जपानमध्ये आलेल्या यंत्राला जे सहज जमत होते, ते आज माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लॅपटॉपना जमू नये, याला काय म्हणावे?

जुना लॅपटॉप विंडोजचा, नवा लिनक्सचा. दोन्हींवर एमुलेटर (त्या जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) तोच, गेम तोच, आणि सेव्हचा फोल्डर सिंकवर, म्हणजे दोन्हीकडे आपोआप सारखा राहील असा, ठेवलेला. गेम सुरू केला, तर समोर फक्त 'न्यू गेम'. माझा एमुलेटर सेव्हची फाइल (त्याच्या लेखी हेच मेमरी कार्ड) गेमच्या फाइलच्या नावावरून शोधतो. विंडोजला नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे एरवी सारखीच, लिनक्स मात्र ती दोन निराळी नावे धरतो, आणि माझ्या एका फाइलच्या नावात 'यूएसए' कॅपिटलमध्ये होते, तर दुसरीच्या नावात स्मॉलमध्ये. एवढ्यावरून कार्ड सापडले नाही, हे एक वेळ समजून घेईन; पण तसे सरळ सांगायचे सोडून या शहाण्याने गुपचूप नवे कोरे कार्ड तयार करून ठेवले. कोरे कार्डही बरोब्बर १,३१,०७२ बाइटचेच! एकाच आकाराच्या, जवळजवळ एकाच नावाच्या दोन फाइली पाहून मी जुन्या तारखेची फाइल जास्तीची समजून काढून टाकली (हा गाढवपणा माझाच, कबूल), आणि एरवी ताटकळत ठेवणाऱ्या सिंकने ती क्षणार्धात जुन्या लॅपटॉपवरूनही पुसली. उरलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडली, तर सुरुवातीला 'एमसी' ही दोन अक्षरे, आणि सेव्हचे नाव असायला हवे तिथे नुसती शून्ये.

सेव्ह स्टेट होता, पण तो म्हणजे एमुलेटरच्या पोटातल्या साऱ्या स्थितीचा फोटो. नव्या लॅपटॉपवरची आवृत्ती वेगळी निघाली आणि तिने तो ओळखायलाच नकार दिला. कार्डाच्या फाइलींचे तरी काय, आत तेच बाइट असताना कोणी फाइलच्या नावाशेवटी एमसीआर लावतो, कोणी एमसीडी, कोणी एसआरएम, आणि निन्टेंडो डीएस या दुसऱ्या गेमयंत्राच्या सेव्हला तर एक एमुलेटर मागे स्वतःची १२२ बाइटांची शेपूटच जोडतो. मूळ यंत्र बनवणाऱ्यांनी एक साचा ठरवून दिलेला असताना प्रत्येकाला आपली वेगळी चूल मांडायची हौस का, हे मला आजवर कळलेले नाही.

५४ तासांचा खेळ गेला. आत्ता पडद्यावर माझा नायक पुन्हा आईच्या हाकेने झोपेतून उठतो आहे, आणि तिचे ते लांबलचक बोलणे टाळून पुढे जाण्याचे बटणही या गेममध्ये नाही.