वुडर्डचे ३,६४९ गुण कुठे गेले?

आधीची विक्रमवीर केल्सी प्लम हिचा ३,५२७ गुणांचा आकडा १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ओलांडताच केटलिन क्लार्क अमेरिकेच्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारी खेळाडू ठरली, हे तुमच्या क्लार्कवरील लेखातील विधान मला पटले नाही. तो विक्रम केवळ एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या नोंदींतला होता. कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डने १९८१ पर्यंतच ३,६४९ गुण मिळवले होते, मात्र तेव्हा महिलांच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना भरवत असल्याने एनसीएएच्या वहीत ते चढलेच नाहीत. क्लार्कने तो आकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी मिनेसोटाविरुद्ध मागे टाकला. फ्रान्सिस मॅरियन या लहान कॉलेजच्या पर्ल मूरचे ४,०६१ गुण तर क्लार्कच्या अंतिम ३,९५१ पेक्षाही जास्त आहेत.

शिवाय वुडर्डच्या काळी तीन गुणांची रेषा (जिच्याबाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) नव्हती आणि चेंडूही पुरुषांच्याच मापाचा होता. नव्वदच्या दशकात आंतरमहाविद्यालयीन सामने मी त्याच मोठ्या चेंडूने खेळले असून, माझ्या आखूड बोटांतून तो लांबून फेकताना हमखास निसटत असे. क्लार्कचे कौतुक मलाही आहे (तिची लांबून फेक पाहण्यासाठी मी पहाटे उठत असे), परंतु लेखात वुडर्डचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकले.